पहिले पाच कशावरून ठरवता, सर? मराठवाड्यातल्या कॉलेज बास्केटबॉल कोचना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या कॉलेजांचे क्रीडा संचालक, बास्केटबॉलचे कोच आणि आपल्या दोन्ही विद्यापीठांच्या निवड समित्यांवरचे सगळे सर-मॅडम,

नमस्कार.

इंटर-कॉलेजचा सीझन तोंडावर आलाय, एकदा तारखा लागल्या की तुम्ही यादी, ड्रेस, प्रवास, प्राचार्यांच्या सह्या यातच अडकून जाल आणि मग कुणाला काही वाचायला सवड राहणार नाही, म्हणून आत्ताच लिहायलोय. मी लातूरचा, कॉलेजला असताना खेळायचो, आता बरीच वर्षं स्पर्धांना टेबलवर बसतो, स्कोअरशीट लिहायची, घड्याळ बघायचं, फाऊलचा हिशोब ठेवायचा असं काम असतं. टेबलच्या एका बाजूला एक बेंच आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, त्यामुळं तिथं काय चाललंय ते दिसतं पण आणि ऐकू पण येतं, आणि जे दिसायलंय ते कुणीतरी सांगायला पाहिजे असं मला लई दिवसांपासून वाटतंय.

आपल्याकडं पहिले पाच, म्हणजे मॅच सुरू होताना कोर्टवर उतरणारे पाच जण, कसे ठरतात? उंच आहे म्हणून एक, थर्ड इयरला आहे म्हणून एक, मागच्या वर्षी पहिल्या पाचात होता म्हणून यंदाही एक, जिल्हा खेळून आलाय म्हणून एक, आणि कधीकधी संस्थेतून कुणाचा तरी फोन आला म्हणून एक. उरलेले बेंचवर, आणि बेंचवर म्हणजे तू कमी आहेस असा त्याचा अर्थ पोरं लावतात, घरचे लावतात, आणि खरं सांगायचं तर बरेच कोचही तसाच लावतात. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले पाच म्हणजे टीममधले सगळ्यात भारी पाच असं धरणंच चूक आहे, पहिल्या पाच-सहा मिनिटांत समोरच्या टीमविरुद्ध एकमेकांसोबत नीट चालतील ते पहिले पाच, आणि बेंचवरून कोण कधी येणार हे मॅचच्या आदल्या दिवशीच ठरलेलं असायला पाहिजे, आणि त्या पोराला ते माहीत असायला पाहिजे.

स्कोअरशीट तुम्ही सगळ्यांनी बघितलेली आहे पण त्यातला एक रकाना जरा नीट बघा. मॅच सुरू व्हायच्या किमान 10 मिनिटं आधी कोच टेबलवर येतो, सही करतो आणि सुरुवातीच्या पाच जणांच्या नंबरापुढं बारीक फुली मारतो. मॅच सुरू झाली की आम्ही त्या पाच फुल्यांना गोल करतो. नंतर जो सब, म्हणजे बदली खेळाडू, पहिल्यांदा आत येईल त्याच्यापुढं नुसती फुली पडते, गोल नाही. शाई पण क्वार्टरप्रमाणं बदलते, पहिल्या आणि तिसऱ्याला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळी नाहीतर काळी. म्हणजे मॅच संपल्यावर त्या एका रकान्यावरून बोट फिरवलं तरी कळतं कोण सुरुवातीपासून होतं, कोण मागून आलं, साधारण कधी आलं आणि कोण आलंच नाही. आपल्या भागातल्या शीट काढून बघा, पाच गोल, एखाद-दुसरी निळी फुली, आणि खाली सगळं कोरं. आणि हे अटीतटीच्या मॅचमध्येच असतं असं नाही, मोठ्या फरकानं जिंकलेल्या मॅचच्या शीटवरसुद्धा ते रकाने कोरेच असतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण बारा जणांची टीम नेता येते, बारा पोरं एसटीनं रात्रभर प्रवास करून आलेली असतात, कुणाच्या घरी सोयाबीनची काढणी चालू असते, ते सोडून आलेलं असतं.

तुमची अडचण मला माहीत आहे. आपल्या बऱ्याच स्पर्धा बाद पद्धतीनं होतात, एक मॅच हरली की बॅग भरून घरी, मग कोच म्हणतो प्रयोग करायचे कुणावर, ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांनाच ठेवू. पण बाद पद्धत आहे म्हणूनच बेंच जास्त लागतं सर. एकाच दिवशी दोन मॅच, दुसऱ्या दिवशी सकाळी सेमी आणि दुपारी फायनल, असा कार्यक्रम असतो, कोर्ट बहुतेक ठिकाणी उघड्यावरचं, खाली सिमेंट, वर ऑक्टोबरचं ऊन. 10-10 मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे खेळायची 40 मिनिटं, पण घड्याळ थांबत थांबत मॅच दीड तासावर जाते. तेच पाच जण पहिल्या दिवशी दोनदा पूर्ण खेळले की दुसऱ्या दिवशीच्या फायनलला त्यांच्या पायात काय उरणार? तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आघाडीवर असलेली टीम चौथ्यात ढासळताना मी इतक्या वेळा बघितलीय, आणि कारण दरवेळी जवळजवळ तेच असतं.

एक मॅच सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही. पहिले पाच खरंच चांगले होते, पॉईंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणून खेळ चालवणारा, तर त्या स्पर्धेतला सगळ्यात भारी. तिसऱ्या क्वार्टरला चांगली दहा-बारा पॉईंटची लीड. कोचनं तोवर एकही बदली केलेली नव्हती. चौथ्याच्या सुरुवातीला गार्डच्या पोटरीत क्रॅम्प आला, पिव्हटचे, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच पोराचे, चार फाऊल झालेले, तो हात वर करायलाही घाबरायला लागला, मग समोरच्यांनी सगळा बॉल आतच द्यायला सुरुवात केली आणि त्याला पाचवा लागला, बाहेर. शेवटची तीनेक मिनिटं राहिली असताना एक सेकंड इयरचं पोरगं टेबलवर आलं. बदली मागायची असते ती खेळाडूनं स्वतः येऊन मागायची असते, कोचनं ओरडून चालत नाही, तर ते आलं, ट्रॅकपँट अंगातच, ती काढता काढता बुटात अडकली, रेफ्री थांबलेला, आणि मला विचारतंय, सर कोणाच्या जागी जाऊ? त्याला कोणाला मार्क करायचंय हेसुद्धा माहीत नव्हतं. दीड तास उन्हात बसून अंग गार... पहिला पास हातातून सुटला, दुसऱ्या वेळी ट्रॅव्हल (बॉल घेऊन जास्त पावलं), टीम दोन पॉईंटनं हरली, आणि परतताना सगळे त्याच्यावर चिडलेले. त्या पोराची यात काय चूक होती मला सांगा.

बाहेर जाळीला टेकून त्याचे वडील उभे होते, औसा तालुक्यातून आलेले. मॅचनंतर त्यांनी मला विचारलं, आमचं लेकरू खेळायला कच्चं हाय का हो? मी म्हणलं नाही काका, त्याला वेळच मिळाला नाही. त्यांना ते पटलं का माहीत नाही.

आता पाच निवडायचे कसे यावर मला जे वाटतं ते लिहितो, मी कोच नाही, पण इतक्या मॅच शीटवर लिहून काढल्यावर काही गोष्टी परत परत दिसतात.

आपल्या लेव्हलला मॅच सगळ्यात जास्त हरतात त्या बॉल पुढं नेता न आल्यामुळं. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन अडवलं, की 8 सेकंदांत हाफ लाईन ओलांडता येत नाही, बॉल जातो, सरळ ले-अप बसतो, आणि हे पहिल्या तीन मिनिटांत चारदा झालं की मॅच तिथंच हातातून जाते. म्हणून सुरुवातीच्या पाचात बॉल हँडल करणारे दोघं पाहिजेत, एक नाही, दोघं, मग दुसरा पाच फूट सहा इंच का असेना. आपण काय करतो, एक गार्ड आणि चार उंच पोरं उभी करतो, समोरचे त्या एका गार्डवर दोघं सोडतात आणि आपली चार उंच पोरं पुढं जाऊन हात वर करून उभी राहतात. तो दुसरा छोटा गार्ड तेव्हा बेंचवर बसून हे सगळं बघत असतो.

उंच पोराचं दुसरं असं की तो पहिल्या पाचात असलाच पाहिजे असं काही नाही. सुरुवातीची काही मिनिटं रेफ्री कडक असतो, शिट्टी कशी वाजणार आहे ते कुणालाच कळलेलं नसतं, आणि तेवढ्यात आपला मेन पिव्हट दोन फाऊल घेऊन बसतो. मग त्याला काढावं लागतं, ते पण न ठरवता, घाईघाईत. त्यापेक्षा दुसऱ्या नंबरचा जो अंगानं दणकट आहे, पॉईंट फार करत नाही पण धक्के खाऊ शकतो, रिबाउंडला बॉक्स आऊट नीट करतो, म्हणजे हुकलेल्या बॉलसाठी समोरच्याला अंगानं अडवतो, त्याला सुरुवात करू द्या. तीन-चार मिनिटांत रेफ्री काय देतोय काय सोडतोय ते कळतं, मग मेन पिव्हट आत. त्याला बाहेरून बघायलाही मिळतं की समोरचा पिव्हट कुठल्या बाजूला वळतो. यात त्याचा काही अपमान नाही, पण हे त्याला आधी समजावून सांगितलेलं पाहिजे, नाहीतर तो तोंड पाडून बसणार आणि आत आल्यावर पहिल्याच बॉलला राग काढणार.

शूटरचं, म्हणजे लांबून बास्केट करणाऱ्याचं, समोरच्यावर अवलंबून आहे. समोरची टीम टू-थ्री झोन लावून, म्हणजे पुढं दोघं आणि मागं तिघं आपापली जागा राखून, बसत असेल, आणि आपल्याकडं निम्म्याहून जास्त टीम तेच करतात, तर शूटर सुरुवातीपासून पाहिजे, तीन पॉईंटचे दोन शॉट बसले की झोन बाहेर येतो आणि आतला रस्ता मोकळा होतो. समोरचे मॅन टू मॅन, म्हणजे एकेकाला धरून, खेळत असतील आणि त्यांचा डिफेंडर पायानं चपळ असेल तर तोच शूटर दुसऱ्या क्वार्टरला, डिफेंडर दमल्यावर जास्त कामाला येईल. म्हणजे पाच नावं पूर्ण सीझनभर तीच ठेवायची गरज नाही, मॅचप्रमाणं एखादं बदललं तर आभाळ कोसळत नाही. तीन जण कायम ठेवा हवं तर, म्हणजे टीमला घडी बसते, आणि दोन जागा समोरचा बघून ठरवा.

आणि बेंचवरून पहिला येणारा, सहावा, हा टीममधला सगळ्यात हुशार पोरगा पाहिजे असं मी म्हणेन. तो कोणाच्याही सोबत खेळू शकला पाहिजे, बसल्या बसल्या मॅच वाचणारा पाहिजे, आल्या आल्या खेळाची स्पीड बदलणारा पाहिजे. पाचच्या पाच एकदम बदलू नका, ते बघायला छान वाटतं पण आत गेलेल्या पाचांत कुणालाच कुणाचा अंदाज नसतो आणि दोन मिनिटांत लीड उडते. अमेरिकेत केंटकी युनिव्हर्सिटीनं 2014-15 च्या सीझनच्या सुरुवातीला पाच-पाचच्या दोन तुकड्या करून खेळवलं होतं आणि ती टीम लागोपाठ 38 मॅच जिंकून थेट फायनल फोरला, म्हणजे सेमीला, विस्कॉन्सिनकडून हरली, पण त्यांच्याकडं दहाच्या दहा पोरं त्या तोडीची होती, आपल्याकडं ते शक्य नाही. आपण दोन जुने ठेवून तीन नवे, किंवा तीन जुने ठेवून दोन नवे, असंच केलेलं बरं.

त्याच केंटकीच्या टीममधला डेव्हिन बुकर बघा. आज एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, फीनिक्सचा स्टार आहे, पण कॉलेजला तो बेंचवरून यायचा, त्या वर्षी त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, सिक्स्थ मॅनचा (बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम) मान त्याला मिळाला आणि 2015 च्या ड्राफ्टला, म्हणजे एनबीएच्या टीम नवी पोरं निवडतात तिथं, तेराव्या नंबरला त्याला उचललं. त्याच्या दहा वर्षं आधी नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचा मार्विन विल्यम्स, पहिल्याच वर्षाचं पोरगं, बेंचवरून खेळलं, टीमनं 2005 ची चॅम्पियनशिप जिंकली आणि त्याला एनबीएच्या ड्राफ्टला दुसऱ्या नंबरला घेतलं. ज्या पोराला अख्ख्या ड्राफ्टमध्ये दुसरं नाव मिळतं ते स्वतःच्या कॉलेज टीमच्या पहिल्या पाचात नव्हतं! आणि ही तुलना आपल्याला लागू पडते, कारण तिथल्या कॉलेजची मॅचपण 40 मिनिटांचीच असते आणि पाच फाऊललाच बाहेर जावं लागतं, आपल्यासारखंच. एनबीएची मॅच 48 मिनिटांची आणि तिथं सहा फाऊल, म्हणून एनबीए बघून आपल्या पोरांचं रोटेशन (कोण कधी आत, कोण कधी बाहेर) ठरवायला जाऊ नका, पण तिथलंही एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2015 च्या फायनलला गोल्डन स्टेट 2-1 नं मागं होती, आंद्रे इग्वोदाला त्या पूर्ण सीझनला बेंचवरून येत होता, कोच स्टीव्ह करनं चौथ्या मॅचला उंच सेंटर बोगटला बसवून त्याला पहिल्या पाचात घेतलं, पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मला यातली खरी गोष्ट अशी वाटते की वर्षभर बेंचवरून येऊनसुद्धा तो तयार होता, कारण रोज त्याला मिनिटं मिळत होती, त्याचं काम त्याला माहीत होतं. आपल्या पोराला वर्षभर बसवून फायनलच्या शेवटच्या तीन मिनिटांत उठवलं तर तो इग्वोदाला कसा होणार?

आणि मानू जिनोबिली, 2004 चं ऑलिंपिक गोल्ड अर्जेंटिनासाठी जिंकलेला माणूस, सॅन अँटोनियोसाठी वर्षानुवर्षं बेंचवरून आला, चार वेळा एनबीए जिंकला. शेवटच्या मिनिटांना मात्र तो कोर्टवर असायचा. मला वाटतं आपल्या पोरांना ही एक गोष्ट पटवून दिली तरी निम्मं काम होईल की सुरुवातीला कोण होतं यापेक्षा शेवटची चार मिनिटं कोण होतं याला मॅचमध्ये जास्त वजन आहे. सर्टिफिकेटवर तर पहिले पाच असं कुठं लिहूनच येत नाही, बारा जणांना सारखंच सर्टिफिकेट.

तसं बघितलं तर हे आपल्या मातीतल्या खेळात आपण कधीपासून करतोय. खो-खोला बारातले नऊ खेळतात, संरक्षणाला तीन-तीनच्या तुकड्या उतरतात, आणि कोणत्या तुकडीत कोण हे कोच डोकं लावून ठरवतो. तिसऱ्या तुकडीतल्या पोराला गावात कुणी कमी लेखतं का? मग बास्केटबॉलला आल्यावर आपलं असं का होतं हे मला खरंच कळत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही पहिल्या पाचापेक्षाही जास्त मनाला लागते, ती म्हणजे सबला एका चुकीवर बाहेर काढणं. पहिल्या पाचातल्या पोरानं तीन टर्नओव्हर केले, म्हणजे तीनदा बॉल घालवला, तर चालतं, बेंचवरून आलेल्यानं एक केला की कोच लगेच उभा राहतो आणि दुसऱ्याला टेबलकडं पाठवतो. आम्ही फुली मारून पेन खाली ठेवतो न ठेवतो तोच तो बाहेर. परत आल्यावर त्या पोराकडं बघा कधीतरी, टॉवेल तोंडावर घेतं आणि बसतं, आणि पुढच्या वेळी आत गेलं की बॉल हातात आला रे आला की आधी कोचकडं बघतं, मग रिंगकडं. असं पोरगं कधीच शूट करणार नाही. माझी विनंती आहे की सबला आत घेतलं की किमान तीन-चार मिनिटं त्याला द्या, मधे चूक झाली तरी, दुखापत नाहीतर फाऊलचा प्रश्न सोडून. अंग गरम व्हायलाच मिनिट-दीड मिनिट जातं. आणि आत घ्यायच्या आधी दोन मिनिटं त्याला उठवा, बेंचमागं दोन चकरा मारू द्या, स्ट्रेच करू द्या.

कोण चांगलं चाललंय हे नुसतं पॉईंटवरून बघू नका. एका वहीत एवढंच लिहा, पोरगं आत गेलं तेव्हा स्कोअर काय होता आणि बाहेर आलं तेव्हा काय होता. समजा आत गेलं तेव्हा आपण 12-9 नं पुढं आणि बाहेर आलं तेव्हा 20-21 नं मागं, म्हणजे त्याच्या वेळेत टीम चारनं खाली गेली. उलट एखादं पोरगं शून्य पॉईंट करतं पण ते असताना टीम दरवेळी सहा-सातनं वर जाते, असं पोरगं प्रत्येक टीममध्ये असतं आणि ते बहुतेक वेळा बेंचवर असतं, कारण ते स्क्रीन लावतं (साथीदारासाठी डिफेंडरची वाट अडवतं), हेल्प डिफेन्सला धावतं, सैल बॉलवर झेप घेतं, आणि यातलं काहीच शीटवर येत नाही. फक्त एका मॅचवरून लगेच निकाल लावू नका, सोबत कोण होतं आणि समोर कोण होतं यावर लई फरक पडतो, पाच-सहा मॅच आणि सरावातल्या गेम धरून बघा. वही एखाद्या जखमी असलेल्या पोराकडं द्या, तो पण टीममध्ये राहतो.

आणि पोरांशी बोला हो. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला पाच नावं टाकून मोकळं होऊ नका. आदल्या दिवशी एकेकाला बाजूला घेऊन दोन मिनिटं सांगा, तू पहिल्या क्वार्टरच्या सहाव्या मिनिटाला आत जाणार, त्यांचा सात नंबर उजव्या हातानंच ड्राइव्ह करतो, त्याला डावीकडं ढकलायचं, तुझं उद्या एवढंच काम. असं सांगितलेलं पोरगं बेंचवर बसून सात नंबरकडं बघत राहतं, मोबाईल नाही काढत, आणि तुम्ही हाक मारायच्या आधी उभं राहतं. ज्याला खेळवणार नाही असं नक्की आहे त्यालाही सांगा आणि का ते सांगा, फ्री थ्रो सुधार, डावा हात वापर, काय असेल ते. वाईट वाटेल त्याला, एक दिवस वाटेल. न सांगता बसवलं तर वर्षभर वाटत राहतं, आणि पुढच्या वर्षी ते पोरगं ट्रायलला येत नाही. आपल्याकडं फर्स्ट इयरला ट्रायलला वीस जण येतात आणि थर्ड इयरला त्यातले तिघं उरतात, त्यातले सगळे काही स्पर्धा परीक्षांच्या नादानं जात नाहीत.

सिनिऑरिटीबद्दल माझं मत सरळ आहे. दोन पोरं सारखीच असतील तर थर्ड इयरचं आधी, त्यानं तीन वर्षं घाम गाळलाय, तेवढा मान त्याला मिळालाच पाहिजे. पण फर्स्ट इयरचं पोरगं स्पष्ट चांगलं असेल तर वर्ष बघू नका, आणि तेव्हा त्या थर्ड इयरच्या पोराला कॅप्टन म्हणून तुम्ही जे सांगाल ते बाकीची टीम ऐकते, त्याला विश्वासात घ्या.

मुलींच्या टीमचं गणित वेगळं आहे ते पण लिहायला पाहिजे. बऱ्याच कॉलेजांची टीम सात-आठ मुलींवर जाते, परवानगी मिळत नाही, प्रवासाला सोबत मॅडम नसतात, मुक्कामाची सोय नसते. तिथं पाचातल्या दोघी फाऊलनं गेल्या की बेंच संपतं. अशा टीमला तर फाऊलचं नियोजन म्हणजेच सगळं काही, तुमची मेन डिफेंडर पहिल्या हाफला दोनच्या पुढं जाता कामा नये, त्यासाठी तिला पहिल्या क्वार्टरच्या शेवटी मुद्दाम बसवावं लागलं तरी बसवा. आणि सातवी-आठवी मुलगी नुसती नावाला नेऊ नका, तिला सरावात रोज पहिल्या पाचातल्या दोघींसोबत खेळवा, कारण तिची वेळ येणार हे जवळपास नक्की असतं.

विद्यापीठ निवड समितीच्या सर-मॅडमना एक वेगळी विनंती. इंटर-कॉलेज बघून तुम्ही कॅम्पला पोरं बोलावता, तिथून टीम पश्चिम विभाग आंतरविद्यापीठला आणि अश्वमेधला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला, जाते. तुम्ही बहुतेक वेळा मॅचच्या सुरुवातीला येता, पहिले पाच बघता, सगळ्यात जास्त पॉईंट कुणाचे ते शीटवरून विचारता आणि पुढच्या कोर्टवर जाता. तुमच्यामागं एका दिवसात इतक्या मॅच असतात, मला कळतं. पण दुसरा आणि चौथा क्वार्टर बघा ना कधीतरी. एखाद्या तगड्या कॉलेजचा सातवा खेळाडू दुसऱ्या कॉलेजच्या पहिल्यापेक्षा चांगला असू शकतो, आणि विद्यापीठाच्या टीमला बारा स्टार नको असतात, तिथं बेंचवरून येऊन पाच मिनिटं जीव तोडून डिफेन्स करणारी पोरंच लागतात. ज्यानं आयुष्यात कधी बेंचवरून सुरुवात केलेली नाही अशा बारा जणांना एकत्र आणलं की त्यातल्या सात जणांना पहिल्यांदाच बसावं लागतं, तेही परराज्यात, स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, आणि मग टीममध्ये काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. कॅम्पमध्येच ठरवा कोण सहावा, कोण सातवा, आणि त्या कामासाठी म्हणून निवडा.

शेवटी प्राचार्य आणि संस्थेतल्या मंडळींना. हे पत्र त्यांच्यापर्यंत जाईल की नाही माहीत नाही, गेलं तर बरं होईल. अमुकच्या पोराला घ्या, तमुकच्या पुतण्याला सुरुवातीला उतरवा, फोटो येऊ दे पेपरात, असा फोन तुम्ही करता तेव्हा कोच नाही म्हणू शकत नाही, कारण त्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यांचं बजेट, त्यांचे बॉल आणि जाळ्यासुद्धा तुमच्या सहीवर असतात. आणि पोरांना ते लगेच कळतं. ज्याची जागा गेली त्याला तर कळतंच, पण ज्याला ती मिळाली त्यालाही कळतं, ते बिचारं पूर्ण मॅच खाली मान घालून खेळतं आणि बाकी चार जण त्याला पास देत नाहीत. सीझनच्या आधी तुमच्या क्रीडा संचालकांना बोलावून एवढंच सांगा की टीम तुमची, पाच तुम्हीच ठरवा, आमच्याकडून कुणाचा फोन आला तर माझ्याकडं पाठवा.

कळावे, लोभ असावा.

तुमचाच,
एक टेबल ऑफिशियल, लातूर